माझा पायगुण आणि ठाण्याचा पराभव

मोसमातला पहिलाच सामना हरला तर काळजी करावी की करू नये, यावर आमच्या घरातली पुरुषमाणसं आजही पानावर बसून वाद घालतात. एक म्हणतो, सुरुवातच अशी झाली, आता काही खरं नाही. दुसरा म्हणतो, अरे, एका सामन्यानं काय होतंय! मी वाढता वाढता ऐकते. मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन, की बाबांनो, आधी घरात नवी सून आली आहे का ते बघा. आली असेल तर काळजी तिनं करायची. तुम्ही खुशाल आमटी ओरपा.

हे मी उगाच म्हणत नाही. माझ्या अंगावरून गेलं आहे.

माझं माहेर कल्याणचं, सासर ठाण्याचं. लग्न होऊन बरेच दिवस झाले तरी या ना त्या कारणानं माझी पाठवणी लांबत गेली होती. शेजारणी आईला विचारायला लागल्या होत्या, "का हो, मुलगी अजून घरीच?" शेवटी एकदाची चातुर्मास लागायच्या जरा आधी मी ठाण्याला नांदायला गेले. माप ओलांडलं, नाव बदललं, सगळं रीतसर झालं. सासूबाई कडक होत्या, पण खाष्ट नव्हत्या. मला वाटलं, चला, सुटले.

मला काय ठाऊक, या घरात देवांच्या खालोखाल फुटबॉल आहे म्हणून!

फुटबॉल ठाण्यात कसा आला ते कुणी नीट सांगत नसे. कचेरीतला कोणी साहेब बदलून जाताना चेंडू मागे ठेवून गेला, असं म्हणत. साहेब गेला, चेंडू राहिला, आणि तरुण कारकुनांना त्याचं वेड लागलं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार होते. साहेबाची वस्तू ती सरकारी वस्तू, तिची हेळसांड होता कामा नये, म्हणून त्यांनी चेंडू आपल्या ताब्यात घेतला आणि बघता बघता ते ठाण्याच्या संघाचे कर्तेकरविते होऊन बसले. स्वतः उभ्या जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावला नाही. छत्री घेऊन कडेला उभं राहायचं आणि "मारा! अरे मारा!" म्हणून ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. ते ते जीव ओतून करत.

आमच्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. 'इकडून' म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची. मीही इथं तसंच म्हणते. तर इकडे संघात गोल राखायचं काम होतं. का, तर शिरस्तेदारांचा मुलगा धोतर खोचून मैदानभर धावतोय हे बरं दिसत नाही, असं मामंजींचं मत. एका जागी उभं राहण्यात जरा अब्रू असते. तेव्हा सगळ्यांनी धावायचं आणि शिरस्तेदारांच्या मुलानं उभं राहायचं, असं ठरलं होतं.

इथवर ठीक होतं. पण घरच्या देवांची पूजाही इकडेच होती, आणि सासूबाईंनी त्या वर्षी मुलाला चातुर्मासाचा नेम घ्यायला लावला. कार्तिकी एकादशीपर्यंत चामड्याला हात लावायचा नाही. चेंडू तर चामड्याचा! मग खेळायचं कसं? लगेच जोशीबुवांना बोलावणं गेलं. ते आले, पाटावर बसले, दूध प्याले आणि म्हणाले, "वहाणा चामड्याच्याच असतात की नाही? त्या आपण पायात घालतोच. म्हणजे पायाला दोष नाही. दोष आहे तो हाताला."

झालं. सगळ्यांचं समाधान झालं. त्या अख्ख्या खेळात ज्या एकाच माणसाला चेंडूला हात लावायची मुभा असते, नेमका त्याच माणसानं हात न लावायचा नेम केला, आणि ठाण्यातल्या एकाही शहाण्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट लोक म्हणाले, "वा! काय निष्ठा आहे!"

आषाढ सरता सरता पहिला सामना झाला. ठाण्यालाच, कल्याणच्या लोकांशी. ते बहुतेक रेल्वेत काम करणारे, कोळसा उपसून दंड कसलेले. मी नवी सून, मला कोण जाऊ देतंय? पण माझी धाकटी नणंद, आमच्या वन्सं, शेजारणींबरोबर तळ्यावरच्या देवळात म्हणून गेल्या आणि सगळं पाहून आल्या. विहिरीवर मला म्हणाल्या, "वहिनी, अगं, काय सांगू तुला! दादा नुसता हात मागे बांधून उभा. चेंडू छातीवर आला तर दादानं छाती पुढं केली. पायाशी आला तर लाथ मारली. डोक्यावरून गेला की वर बघायचा. तीन वेळा वर बघितलं गं त्यानं!"

म्हणजे तीन गोल.

संध्याकाळी आमच्या ओटीवर सुतक पडल्यासारखी माणसं जमली. खेळणारे होते, न खेळणारे होते, आणि न खेळणाऱ्यांचीच तोंडं जास्त उतरलेली. मी दाराआड पोह्यांच्या ताटल्या भरत होते. विषय एकच, की आता काळजी करायची की नाही?

शेजारचे वकील म्हणाले, "शिरस्तेदारसाहेब, खालच्या कोर्टात हरलं म्हणून का खटला संपतो? वर अपील आहे. घाबरायचं कारण नाही."

शाळेतले मास्तर म्हणाले, "पहिल्या चाचणीत नापास झालेली मुलं वर्षाअखेरीस पास होतात. मी स्वतः पाहिली आहेत."

"आणि नाही झाली तर?" मामंजींनी विचारलं.

मास्तरांनी तशीही मुलं पाहिली होती. 

मग कारणमीमांसा सुरू झाली. चिखल फार होता. चिखल कल्याणकरांनाही होता, पण त्यांना सवय आहे. गोल दक्षिणेला तोंड करून होता. सकाळी चेंडूत वारा भरताना कोणीतरी शिंकलं होतं. एवढ्यात एक भाबडा कारकून बोलून गेला, "मला वाटतं साहेब, गोलात जर हात..." मामंजींनी नुसती मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याला एकाएकी पानाचे देठ खुडण्यात फार गोडी वाटू लागली. पुढे हाताचं नाव कुणी काढलं नाही.

जोशीबुवा इतका वेळ डोळे मिटून बसले होते. ते उघडून म्हणाले, "घरात अलीकडे काही नवीन आलं आहे का?"

मामंजी विचारात पडले. "म्हैस घेतली."

"केव्हा?"

"गेल्या दिवाळीला."

"मग ती नव्हे."

हळूहळू ओटीवरच्या एकेकाची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. मी ताटली घेऊन तिथंच उभी. सगळे जिकडे बघत होते तिकडे मीही बघितलं. माझ्या पायांकडे.

"सूनबाई कुठल्या म्हणायच्या?" जोशीबुवांनी विचारलं. जसं काही माझ्या लग्नात पंगतीला बसलेच नव्हते!

"कल्याणच्या," मामंजी म्हणाले.

"हां!" सगळी ओटी एकदम म्हणाली.

झाला निकाल. सून कल्याणची, पराभव कल्याणकडून, आणि ती आल्यावरचा हा पहिलाच सामना. आणखी काय पुरावा पाहिजे? वकिलांनीसुद्धा हरकत घेतली नाही. जोशीबुवांनी सांगितलं, "पोर वाईट नाही हो. पायगुणाचा प्रश्न आहे. पहिली मंगळागौर माहेरी करण्याची रीत आहेच, त्या निमित्तानं पाठवून द्या. मोसम संपला की बघू." म्हणजे बोभाटा नको, पण सून बाहेर! वकील प्रसन्न होऊन म्हणाले, "म्हणजे काळजीचं कारणच उरलं नाही." आणि सगळ्यांना एकदम भूक लागली. पोहे मीच केलेले होते. ते मात्र चट्टामट्टा झाले. पाय वाईट, हाताला चव बरी!

इकडे खाली मान. वडिलांपुढे मुलानं तोंड उघडायचं नाही, हे मलाही कळत होतं हो, पण त्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात म्हटलं, अरे भल्या माणसा, तू हात मागे बांधून तीन वेळा आभाळ बघितलंस, आणि त्यापायी माझे पाय घराबाहेर? पण बोलणार कुणाशी? आमचं एकमेकांशी अजून धड बोलणंसुद्धा झालं नव्हतं.

कल्याणला आले तर आईनं आधी माझं गाठोडं पाहिलं आणि मग तोंड. मंगळागौरीला आलेली मुलगी एवढं मोठं गाठोडं आणत नाही. तिला सगळं कळलं. मलाही भीती होती ती एकच. आमच्या आळीत एक बाई होती, माहेरी चार दिवसांसाठी म्हणून आलेली. तिचे केस पिकले तरी ते चार दिवस संपले नव्हते. सासरहून कुणी भांडायला आलं नाही, न्यायलाही आलं नाही. दुपारी ती आमच्याकडे निवडण-टिपणाला येई. इतके दिवस मी तिच्याशी हसूनखेळून बोलत असे. आता तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडताना मला धडकी भरू लागली. मी तिच्यासारखीच होणार, की सासरी परत जाणार, याचा निकाल आता चेंडू लावणार होता.

आणि कल्याणात तरी शहाणपणाचा सुकाळ होता असं समजू नका. ठाणेकरांनी पायगुणापायी सून माहेरी धाडली, ही बातमी दोन दिवसांत सगळीकडे झाली. आमच्या दारात पागोटी घातलेली चार माणसं उभी राहिली. पुढारी होता पेठेतला एक किराणा दुकानदार. वडिलांना म्हणाला, "मुलीला सासरी पाठवा बरं लौकर. पुन्हा ठाण्याशी गाठ आहे आपली."

वडील म्हणाले, "अहो, ते नेत नाहीत."

"आम्ही पोचवतो. बायका सोबतीला देतो. ती तिकडं असली की आपल्या गावाला घोर नाही!"

त्यांच्या बायका तर खणा-नारळानं माझी ओटी भरून गेल्या. "जा हो, सुखानं नांद सासरी," म्हणून आशीर्वाद दिला. इतका मनापासून आशीर्वाद माझ्या सख्ख्या मावशीनंही दिला नव्हता. त्या गेल्यावर आई कडाडली, "माझी मुलगी आहे का पटकी? या गावानं त्या गावात ढकलायची, त्या गावानं या गावात!" मग तिनं नारळ फोडला आणि मुकाट्यानं नारळीभाताला घेतला.

श्रावण असा गेला. मंगळागौर झाली, मी झिम्मा-फुगड्या खेळले, आणि पाय आपटताना मनात म्हटलं, होऊ दे काय व्हायचा तो गुण.

गणपती जवळ आले. गौरींना सून घरी लागते, निदान पहिल्या वर्षी तरी. आईनं आशा धरली होती की गौरींसाठी बोलावणं येईल. आणि एका दुपारी खरंच ठाण्याहून कचेरीतला पट्टेवाला आला. आईनं धावत जाऊन त्याला गूळपाणी दिलं. त्यानं हातातली करंडी पुढं केली. आत पेढे.

"शिरस्तेदारसाहेबांनी पाठवलेत," तो म्हणाला. "आपण भिवंडीकरांना हरवलं! धाकट्या साहेबांनी दोन्ही हातांनी चेंडू अडवला. एक गोल होऊ दिला नाही."

मी दाराआडून ओरडलेच, "हातांनी? आणि नेम?"

"नेम मोडला की, वहिनीसाहेब. सामन्याआधी मास्तरांना म्हणत होते, मी कानांनी ऐकलं, 'आज जिंकलो म्हणजे तरी तिच्यावरचा बोल जाईल ना?' पण मोठ्या साहेबांनी घरी गेल्या गेल्या सांगितलं, 'बघा! सून गेली आणि जिंकलो!'"

"आणि सासूबाई?"

"आधी रागावल्या. विहिरीवर अंघोळ घातली. मग जोशीबुवा म्हणाले, जिंकलेल्या हाताला दोष लागत नाही."

वडिलांनी विचारलं, "आणि निरोप काय आहे?"

पट्टेवाला बिचारा खाली बघू लागला. "निरोप असा आहे, की आपले उपकार झाले. सूनबाईंना इथंच असू द्या."

आई हातात पेढ्यांची करंडी घेऊन तशीच उभी राहिली. व्याह्यानं आभार मानले होते, मुलगी ठेवून घेतल्याबद्दल! मला हसावं की रडावं कळेना, आणि मी दोन्ही केलं. ज्या माणसावर मी महिनाभर दात-ओठ खात होते, त्यानं माझ्यासाठी नेम मोडला होता. आणि त्यानं जिंकून मला आणखी दूर लोटलं होतं. आता तो जितका चांगला खेळेल तितकी मी माहेरी पक्की होत जाणार. चांगलं खेळू नको, असं तरी कोणत्या तोंडानं सांगू?

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. ठाण्याहून कुणी आलं नाही. आळीतली ती बाई तांदूळ निवडताना मला म्हणाली, "पहिल्या वर्षी फार वाईट वाटतं. मग सवय होते." मी सूप तिथंच टाकून उठले आणि परसात जाऊन रडले.

पितृपंधरवडा सरला आणि परतीचा सामना आला, आमच्या कल्याणात, रेल्वेच्या बाजूच्या माळावर. देवळात जातो म्हणून आईनं मला छकड्यात घातलं आणि गाडीवानाला माळाच्या कडेनं न्यायला सांगितलं. बारीक पाऊस होता. समोर नुसत्या छत्र्या. मामंजींची छत्री मी ओळखली. ती पार लांब, कल्याणच्या गोलापाशी होती, कारण सगळा खेळच तिकडे चालला होता. ठाणेकर त्या दिवशी पेटले होते. या टोकाला इकडची उंच मूर्ती एकटीच उभी. चेंडू तिकडे फिरकतच नव्हता. मी मनात हिशेब करत होते की ठाणं जिंकलं तर मी संपले, आणि ठाणं हरलं तर तिकडे यांची नाचक्की. देवाकडे काय मागावं हेच मला समजेना, म्हणून मी नुसते हात जोडले.

खेळ संपत आला तेव्हा एकदाच चेंडू या बाजूला आला. तेवढ्यात माणसं उठली, छत्र्या आडव्या आल्या, मला काही दिसलं नाही. नुसता आरडाओरडा ऐकू आला. कल्याणकर नाचत होते. एक गोल, तेवढाच. ठाणं हरलं.

आम्ही घरी पोचून दिवा लावतोय तोच मामंजी दारात. धोतर चिखलानं भरलेलं, छत्रीची एक काडी मोडलेली. व्याह्याला नमस्कार नाही, काही नाही. "सूनबाईंना घेऊन जायला आलो आहे. आत्ताच्या गाडीनं."

वडील गोंधळले. "पण पायगुण..."

"तोच म्हणतो मी! चूक झाली आमची. जोशीबुवांनी उलटं वाचलं. ती जिथं असते ते गाव जिंकतं! आज इथं होती, तुम्ही जिंकलात. नाहीतर आमच्या मुलाच्या हातातून चेंडू निसटता? भिवंडीकरांचा एक निसटू दिला नाही त्यानं!"

पहिल्या सामन्याला मी ठाण्यातच होते तरी ठाणं हरलं, आणि भिवंडीकरांवर जिंकलं तेव्हा मी कल्याणात होते, हे बोलून दाखवायचं कुणाला सुचलं नाही. आणि एवढ्यात पेठेतला दुकानदारही पागोट्यांसकट हजर. त्यालाही तोच साक्षात्कार झाला होता. "मुलगी आता कुठं पाठवायची नाही! गावाची लक्ष्मी आहे ती!"

ओटीवर जुंपली. ज्या पायांना दोन्ही गावं नको म्हणत होती, त्यांच्यासाठी शिरस्तेदार आणि दुकानदार एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागले. वडील मध्ये उभे, आई कमरेवर हात देऊन. शेवटी वडील ओरडले, "अरे, तिला कुणी विचाराल का?"

मला विचारायची गरज नव्हती. मी गाठोडं आधीच बांधून पडवीत ठेवलं होतं. पण मी आधी तांब्या भरून घेतला आणि पडवीत गेले, कारण इकडची स्वारी तिथं खांबाला टेकून उभी होती आणि भांडणाच्या नादात जावयाच्या हातापायांवर पाणी घालायचं सगळे विसरले होते.

पाय गुडघ्यापर्यंत चिखलात बुडालेले. मी पाणी घातलं. मग हात पुढे झाले. मी तांब्या कलता करणार तोच थांबले. दोन्ही हात स्वच्छ. तळव्यांना, बोटांना मातीचा एक कण नाही. ज्या हातांतून ओला, चिखलानं माखलेला चेंडू निसटला, ते हात असे असतात का? मामंजींची बुद्धी कोणत्या वाटेनं चालते, हे त्यांच्या मुलाला माझ्याआधी उमगलं होतं.

ओटीवर भांडण चालूच होतं. आजवर आम्ही एकमेकांशी धड चार शब्द बोललो नव्हतो. पण मला राहवेना.

"निसटला म्हणे?" मी हळूच विचारलं.

"निसटला," इकडून उत्तर आलं. मग त्या कोरड्या हातांनी माझं गाठोडं उचलणं झालं. "चल. गाडी चुकेल."